आम्ही, म्हणजे सोनी

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर जे गृहस्थ राहतात त्यांना सगळे वायोकाका म्हणतात. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. सोनी कंपनीत त्यांनी एक दिवसही नोकरी केलेली नाही, तिचा एक शेअर त्यांच्याकडे नाही, आणि जपानच्या दिशेने ते सर्वांत लांब गेले ते दार्जिलिंगपर्यंत. तरी सोनीबद्दल बोलताना ते 'आम्ही' म्हणतात. "आम्ही १९७९ला वॉकमन काढला तेव्हा सगळे म्हणत होते, रेकॉर्डिंग नसलेलं यंत्र घेणार कोण?" "सीडी आमचीच. फिलिप्स होतं बरोबर, नाही कशाला म्हणू." तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी हे 'आम्ही' खरं धरून आपल्या मुलाचा बायोडेटा त्यांच्या हातात ठेवला. काकांनी तो परत केला नाही. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "मुलगा हुशार दिसतो. फोन कुठला वापरतो?"

ज्याच्यामुळे वायोकाका हे नाव पडलं तो सोनीचा वायो लॅपटॉप २००७ सालचा, टीझेड मालिकेतला, पुतण्याने सिंगापूरहून आणलेला. अकरा इंची पडदा, कार्बन फायबरचं अंग, वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि तेवढ्यातच डीव्हीडी ड्राइव्हही बसवलेला. बिजागरीची एक लांब नळी, तिच्या टोकाला चालू करायचं गोल बटण आणि त्यात हिरवा दिवा. खोटं कशाला बोलू, वस्तू देखणी आहे. मला अजूनही तो दिवा पाहिला की हात लावावासा वाटतो. काका लावू देत नाहीत.

पाहुणा टेकला की चहाच्या आधी झाकणावरच्या व्ही-ए-आय-ओ या अक्षरांचा पाठ होतो. पहिली दोन अक्षरं लाटेसारखी वळलेली, ती ॲनालॉगची. पुढची दोन म्हणजे एक आणि शून्य, ती डिजिटलची. चिन्ह तेइयू गोतो यांनी काढलं. वायो हे नाव बाजारात आलं १९९६ साली, आणि १९९७च्या अखेरीला मॅग्नेशियमच्या अंगाचा, जांभळट झाक असलेला ५०५ आला. तोवर लॅपटॉप काळे किंवा करडे असायचे आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. हे सगळं काका इतक्या जिव्हाळ्याने सांगतात की ५०५ त्यांनी स्वतः कधी पाहिलेला नाही हे विचारायचं राहून जातं. पाहुणा त्यातल्या त्यात उत्साही निघाला तर पुढचा भाग होतो. काही जुन्या वायोंवर सुरू होताना जे सूर वाजायचे, ते फोनच्या बटणांवर व्ही, ए, आय, ओ ही अक्षरं दाबल्यावर येणारे सूर. काका उठून लँडलाइनवर आठ, दोन, चार, सहा दाबून दाखवतात. तो फोन कधीच बंद करून टाकायला हवा होता, बिल भरायला काकू कंटाळल्या आहेत. पण मग हे वाजवायचं कशावर?

२००९ साली काका थोडक्यात वाचले. त्या वर्षी वायो पी आला. आठ इंची लांबट पडदा, सहाशे ग्रॅमच्या आसपास वजन, आणि खिशात मावतो अशी त्याची हवा. आपल्याकडे वायोची जाहिरात करीना कपूर करत होती. हिंदी सिनेमातली कुठलीही नटी काकांना नावानिशी माहीत असल्याची ही एकमेव नोंद आहे. लॅपटॉपची किंमत ऐकून काकूंनी तो विषय बंद केला, पण तोपर्यंत काकांनी शिंप्याला मापं देऊन ठेवली होती: साडेनऊ इंचांहून थोडा लांब आणि पावणेपाच इंच रुंद खिसा, डाव्या बाजूला. ते शर्ट टिकले. त्या खिशात आता भाजीची पिशवी, डॉक्टरांची फाइल आणि एकदा तर आख्खी पालकाची जुडी गेलेली मी पाहिली आहे.

काकांचा मूळ सिद्धांत साधा आहे. टीव्ही सोनीचा, कॅमेरा सोनीचा, वॉकमन सोनीचा, लॅपटॉप सोनीचा; मग सगळं एकमेकांशी बोलणारच. आणि बोलायचंही, यात शंका नाही. हँडीकॅममधून लॅपटॉपमध्ये चित्रण घेण्याची वायर होती. तिला जग फायरवायर म्हणायचं आणि सोनी आय-लिंक. फोटोंसाठी मेमरी स्टिक होती, १९९८ साली निघालेली, च्युइंग गमच्या पट्टीएवढी. साधी जांभळी आणि गाण्यांसाठी कुलूपवाली पांढरी. फोटो लावायला एक सॉफ्टवेअर, फीत उतरवायला दुसरं, डीव्हीडी भाजायला तिसरं, ज्याचं नावच क्लिक टू डीव्हीडी होतं. फक्त हे सगळं घराच्या उंबऱ्याच्या आत बोलायचं. शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन कोणी आलं की काका ते दोन बोटांत धरून उजेडाकडे पाहायचे आणि म्हणायचे, "आमच्यात हे चालत नाही." पुढे २०१० साली सोनीनेच एसडी कार्डं विकायला काढली. ही बातमी काकांना मीच दिली. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "लोकांची सोय बघावी लागते."

याच आय-लिंकच्या वायरीवरून त्यांनी मुलाच्या मुंजीची फीत उतरवली. डीव्हीची फीत जेवढी लांब, उतरवायला तेवढाच वेळ. एका तासाला जवळजवळ तेरा जीबी जागा. काका तासभर समोर बसून होते, फ्रेम गळते का पाहायला. मग संपादन सुरू झालं. कामात शिस्त असल्यामुळे त्यांनी पहिल्यांदा शीर्षक घेतलं. शीर्षकाचा रंग ठरला, मग टाइप ठरला, मग शीर्षक आत येण्याची दिशा बदलली. मुलाचं लग्न झालं तेव्हा मुंजीच्या डीव्हीडीत मातृभोजन संपत आलं होतं. आता नात शाळेत जाते आणि भिक्षावळ अजून व्हायची आहे.

पण काकांचं खरं कार्यक्षेत्र म्हणजे सॉनिकस्टेज. ज्यांनी ते वापरलं नाही त्यांना ते समजावून सांगणं अवघड, आणि ज्यांनी वापरलं त्यांच्यासमोर नाव काढणंही बरं नाही. गाणी लॅपटॉपमध्ये घ्यायची, लावायची आणि वॉकमनमध्ये भरायची, एवढंच त्याचं काम. मात्र सोनीच्या घरात एक पेच होता. १९८८ साली सोनीने सीबीएस रेकॉर्ड्स ही अमेरिकेतली बडी कंपनी विकत घेतली होती. म्हणजे एकाच छपराखाली गाणी वाजवायची यंत्रं करणारे आणि गाणी विकणारे राहायला आले. यंत्रवाल्यांना वाटे, लोकांनी मनसोक्त गाणी भरावीत. गाणीवाल्यांना वाटे, एकाने भरली की दुसऱ्याला फुकट देणार. घरात भांडण नको म्हणून दोघांनी मिळून जे केलं त्याचं नाव सॉनिकस्टेज. तुमच्या स्वतःच्या सीडीवरचं गाणं आधी ॲट्रॅक नावाच्या सोनीच्या घडीत घातलं जाई आणि कुलूप लावून ठेवलं जाई. मग ते वॉकमनमध्ये 'चेक आउट' करायचं, तेही तीनदाच. चौथ्यांदा हवं असेल तर आधीचं एक 'चेक इन' करून परत आणायचं.

सामान्य माणूस इथे वैतागून उठला आणि २००३ साली विंडोजवर आलेल्या आयट्यून्सकडे गेला. काका उठले नाहीत, कारण त्यांनी छत्तीस वर्षं बँकेत हेच केलं होतं. त्यांनी लगेच एक लांबट वही घेतली, रकाने आखले आणि कुठलं गाणं कुठल्या तारखेला बाहेर गेलं, कधी परत आलं, शिल्लक किती, याच्या नोंदी सुरू केल्या. काकू सकाळी नातेवाइकांकडे निघाल्या की काका विचारायचे, "वॉकमन नेतेस का? मग सहीनिशी ने." २००४ साली सोनीने आयपॉडला टक्कर द्यायला हार्ड डिस्कवाला वॉकमन काढला आणि त्यावरही एमपी३ थेट वाजत नव्हतं. जगभर टीका झाली, वर्ष संपता संपता कंपनीने नव्या मॉडेलमध्ये ते वाजवायला परवानगी दिली. काकांना ती ढिलाई वाटली. पुढे कुलूप काढून टाकण्याची सोयही सॉनिकस्टेजमध्ये आली. सोनीचं गाणी विकणारं कनेक्ट हे दुकान २००८च्या मार्चअखेर अमेरिकेत बंद झालं. काकांची वही चालू राहिली. त्यांचं म्हणणं, कुलूप काढलं तरी हिशोब सोडता येत नाही.

आणि गाण्यांची नावं! सीडी आत घातली की नावं इंटरनेटवरून आपोआप यायची, ग्रेसनोट नावाच्या कोठारातून. हे कोठारही २००८ ते २०१४ या काळात सोनीच्याच मालकीचं होतं, तेव्हा काकांच्या लेखी तिथे येणारा मजकूर हा घरचाच. पण तो भरलेला असायचा जगभरच्या हौशी लोकांनी, रोमन लिपीत, ज्याला जसं सुचेल तसं. काकांच्या लॅपटॉपमध्ये एके काळी तीन भीमसेन जोशी होते: एक ह्रस्व, एक दीर्घ आणि एक ज्यांच्या आडनावात एचच नव्हता. तिघांना एकत्र आणण्यात एक पावसाळा गेला. शास्त्रीय गायन 'वर्ल्ड' या सदरात येऊन पडायचं. ते मात्र काकांनी बदललं नाही. "बरोबरच आहे की," ते म्हणाले.

गीतरामायणाने त्यांची परीक्षा पाहिली. छप्पन्न गीतं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाली, आठवड्याला एक. गायक आणि संगीतकार बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, यांच्यासाठी रकाने होते. पण शब्द गदिमांचे. त्यांना बसवायचं कुठे? गीतकाराला सॉफ्टवेअरमध्ये पाटच मांडलेला नव्हता. शेवटी काकांनी गदिमांना 'कॉमेंट' या रकान्यात बसवलं आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी पाहतात तर यंत्राने सगळी गीतं अक्षरक्रमाने लावून ठेवलेली. अहल्येचा उद्धार आधी होऊन गेला होता आणि रामजन्म पार खाली, पुढच्या पानावर. काकांनी प्रत्येक नावापुढे क्रमांक घालून रामायण पूर्वपदावर आणलं. मी विचारलं, "काका, मग ऐकलंत का?" ते माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मी काही तरी चावट बोललो होतो. काका गाणं ऐकत नाहीत, तपासतात. नाव बरोबर आहे, आवाज येतोय, शेवट कापला गेलेला नाही, एवढी खात्री झाली की पुढचं.

गाणी ऐकतात काकू. भाचीने त्यांना सारेगामाचं कारवां दिलं आहे. जुन्या रेडिओच्या रूपाचं ते यंत्र २०१७ साली बाजारात आलं आणि हजारो गाणी आधीच पोटात घेऊन आलं. बटण दाबलं की वाजतं. ना वायर, ना वही. कणीक तिंबताना काकूंचं ते चालू असतं आणि आतल्या खोलीत काका हिरव्या दिव्यासमोर बसून त्याच गाण्याचं वर्ष दुरुस्त करत असतात. "त्याला सूची नाही," एवढंच ते कारवांबद्दल बोलतात. काकू म्हणतात, "मला सूची नको, आशा हवी."

सोनीविरुद्ध काकांना कुणी काही पुरावे दिलेच नाहीत असं नाही. २००५ साली सोनी-बीएमजीच्या काही सीड्या संगणकात घातल्या की कुणाला न सांगता एक छुपं सॉफ्टवेअर बसायचं. केवढा गहजब झाला, सीड्या परत घ्याव्या लागल्या. "ते बीएमजीवाले," काका म्हणाले, "आम्ही नाही." यशात 'आम्ही' आणि पंचाईतीत 'ते', हा हिशोब त्यांनी कधी चुकवलेला नाही. २००८च्या मार्चमध्ये सोनीने अमेरिकेत एक अजब योजना काढली: नव्या लॅपटॉपमध्ये आधीपासून भरलेली नको ती सॉफ्टवेअरं काढून हवी असतील तर पन्नास डॉलर जादा. लोक खवळले, आणि कंपनीने ती आकारणी लगोलग रद्द केली. काकांना दोन्ही बाजू कळल्या नाहीत. काढायची कशाला? कंपनीने दिली आहेत म्हणजे विचार करूनच दिली असणार. त्यांच्या लॅपटॉपमध्ये ती सगळी अजून आहेत. मुदत संपलेला व्हायरस-रक्षक रोज सकाळी त्यांना मुदत संपल्याचं सांगतो आणि काका रोज त्याला 'ओके' म्हणतात. त्याच वर्षी टीझेड मालिकेतले जवळपास चार लाख चाळीस हजार लॅपटॉप तापण्याचा धोका आहे म्हणून सोनीने तपासणीसाठी परत बोलावले. यादीत आपला क्रमांक नाही हे कळल्यावर काका हिरमुसले. टोकियोहून पत्र यायची एक संधी होती, ती हुकली.

मुलगा बोस्टनला असतो आणि तो येताना मॅकबुक घेऊन येतो. ते यंत्र काकांच्या टेबलावर ठेवायचं नाही, असा घरात अलिखित नियम आहे. ते डायनिंग टेबलावर, लोणच्याच्या बरण्यांजवळ. मुलाला काका दर वेळी एकच गोष्ट सांगतात, आणि ती खरी आहे. सोनीचे माजी अध्यक्ष कुनिताके आंदो यांच्या हवाल्याने ती २०१४ साली छापून आली. २००१ साली सोनीचे अधिकारी हवाईत गोल्फ खेळून परतत होते, तिथे स्टीव्ह जॉब्स वाट पाहत उभे. हातात वायो, आणि त्यावर चालू मॅकची प्रणाली. वायोच्या मंडळींनी विंडोजवर नुकतीच मेहनत घेतली होती, त्यामुळे बोलणी पुढे गेली नाहीत. "म्हणजे बघ," काका मुलाला म्हणतात, "आले होते ते आमच्याकडे. आम्ही नाही म्हटलं." मुलगा लोणचं वाढून घेतो.

मग ६ फेब्रुवारी २०१४ आली. सोनीने जाहीर केलं की वायोचा धंदा जपान इंडस्ट्रियल पार्टनर्स या गुंतवणूकदार संस्थेला विकतोय. १ जुलैपासून नागानो प्रांतातल्या आझुमिनो गावी वायो ही वेगळी, छोटी कंपनी उभी राहिली, माणसं अवघी अडीचशेच्या आत. सोसायटीत कुजबुज झाली, काकांना सांगायचं कोणी? ते आधीच वाचून बसले होते. "पाच टक्के ठेवलेत आम्ही," ते म्हणाले. "मुलगी सासरी गेली म्हणून माहेर तुटत नाही." २०२१च्या जानेवारीत वायो भारतात परत आला, हाँगकाँगच्या एका कंपनीच्या परवान्याने, फ्लिपकार्टवर. काकांनी छायाचित्रं चारी बाजूंनी मोठी करून पाहिली आणि एवढंच विचारलं, "आय-लिंक कुठे आहे?" नोव्हेंबर २०२४ मध्ये वायो विकत घेत असल्याचं नोजिमा या जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानसाखळीने जाहीर केलं. हे ऐकून मात्र काकांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने म्हणाले, "दुकानदाराकडे पडली. म्हणजे उपाशी राहायची नाही."

कधी कधी वाटतं, या माणसाला सांगावं की काका, कंपनी सोडून गेली, तुम्ही का बसलात? ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिलं तेही आता दुसऱ्याच कशावर तरी गाणी ऐकत असतील. पण असे काका गावोगाव आहेत. कुणी बीटामॅक्सवाले आहेत, कुणी नोकियावाले, कोणी अजून फिएटचे सुटे भाग जमवणारे. जिथे कंपन्या ग्राहकाला तीन वर्षांत विसरतात, तिथे एखादा ग्राहक कंपनीला विसरत नाही, यात कंपनीचंच भाग्य आहे आणि तिला त्याचा पत्ता नाही. माझं मत विचाराल तर काकांनी सोनीकडून लॅपटॉप घेतलाच नाही. नोकरी घेतली, बिनपगारी, आणि तिथे निवृत्तीचं वय नाही.

सध्या अडचण एकच आहे. टीझेडचा मूळ अडॅप्टर वयाने गेल्यातच जमा आहे. लॅमिंग्टन रोडवर दुकानदार 'यही चलेगा' म्हणून भलतेच पुढे करतात. एकाने तर लॅपटॉप वजनावर मागितला, त्या दुकानावरून आता आम्ही जात नाही. तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, जुन्या वायरींच्या डब्यात, टीझेडला चालणारा, सोनीचं नाव असलेला, चालू अडॅप्टर पडून असेल तर नौपाड्यात जरूर घेऊन या. पैसे रोख मिळतील, चहा होईल, लँडलाइनवर चार सूर ऐकायला मिळतील. येताना मेहरबानी करून 'काका, आता नवीनच घ्या ना' एवढं म्हणू नका. ते पुतण्या म्हणाला होता. दिवाळीच्या फराळाला त्याला अजून बोलावलेलं नाही.